पोकलेनचा 'कम्युनिकेशन एरर' साइटवर येऊन शोधून देणारा वायरमन: आमचा अनुभव

ज्यांच्याकडे इलेक्ट्रॉनिक इंजिनची पोकलेन किंवा जेसीबी आहे त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितोय. आमच्या भागात एक स्वतंत्र वायरमन आहे, कुठल्या कंपनीचा नाही, गाडीवर मीटर-लॅपटॉप घेऊन साइटवर येतो आणि कॅन लाइनचे, म्हणजे मशीनमधले कंट्रोलर (छोटे कॉम्प्युटर) ज्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात त्यांचे, फॉल्ट काढून देतो. नाव-नंबर जाहीर टाकत नाही, पण असा माणूस तुमच्या तालुक्यात शोधा आणि तो कसं काम करतो ते बघा म्हणून हे सगळं सविस्तर.

आमची 20 टनी पोकलेन चालता चालता मधेच स्क्रीनवर कम्युनिकेशन एरर द्यायची, इंजिन लो आयडलला (सगळ्यात कमी स्पीडला) यायचं, थ्रॉटलचा डायल फिरवून काही उपयोग नाही, आणि किल्ली बंद करून चालू केली की परत सगळं ठीक. खडकाळ जागेत चेन चालवताना जास्त. एका सर्व्हिसवाल्यांनी लॅपटॉप लावला, एररचा कोड वाचला आणि इंजिनचा कंट्रोलर बदला म्हणाले, खर्च लाखाच्या घरात. लाइन कोणी मोजलीच नाही. मोजली असती तर ही वेळच आली नसती.

या वायरमनला फोनवर लक्षणं सांगितली तेव्हा त्याचा पहिला प्रश्न, "शेठ, हलल्यावर येतो का तापल्यावर?" हलल्यावर म्हटलं तर म्हणे, "मग आधी वायर बघू, कंट्रोलर कुठं पळून जात नाही."

आल्यावर त्याने कोड पुसले नाहीत, आधी सगळे लिहून घेतले. कोण कोणाची तक्रार करतंय हे तो बघतो. आमच्यात एसपीएन (तक्रार कशाबद्दल) 639, एफएमआय (बिघाडाचा प्रकार) 9 असा होता. 639 म्हणजे जे1939 ची (अवजड मशीनमधल्या ठरावीक पद्धतीच्या कॅनची) लाइन, आणि 9 म्हणजे मेसेज वेळेवर येत नाहीयेत. कोड इतकंच सांगतो की अमक्याचा आवाज ऐकू येत नाही. तो कंट्रोलर मेलाय, त्याला सप्लाय मिळत नाहीये की मधली वायर तुटलीय, हे कोडवरून कळत नाही, ते मोजूनच कळतं.

मग सप्लाय आणि अर्थ. इथे त्याची पद्धत मला फार आवडली. कंट्रोलरच्या प्लगवर मीटरने 24 व्होल्ट दिसले तरी तो समाधानी नव्हता, त्याने तिथेच 24 व्होल्टचा हेडलाइटचा बल्ब जोडून पेटवून बघितला, कारण वायरचा एकच तंतू शिल्लक असला तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो पण लोड आला की बल्ब मंद होतो. आमचा लख्ख पेटला, म्हणजे सप्लाय ओके.

आता मुख्य काम. बॅटरीचा मेन स्विच बंद केला, थोडा वेळ थांबला आणि डायग्नोस्टिक सॉकेटमध्ये (जिथे लॅपटॉप जोडतात तिथे) कॅन हाय आणि कॅन लो या लाइनच्या दोन वायरींच्या पिनांमध्ये ओहम मोजले. लाइनच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, दोन्ही पॅरलल म्हणून मीटरवर 60 यायला पाहिजे. 120 आले तर एक रेझिस्टर गेला किंवा मधे वायर तुटली, 40 च्या आसपास आले तर कोणीतरी तिसरा रेझिस्टर लावून ठेवलाय, शून्याजवळ आले तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात. हे रेझिस्टर शोभेला नसतात, विहिरीत आवाज दिला की परत येतो तसा सिग्नल टोकावरून परत फिरतो आणि मेसेज खराब करतो, तो तिथे जिरवायला असतात.

आमच्याकडे आले बरोबर 60. त्यामुळे मला वाटलं लाइन चांगलीच आहे, पण तो थांबला नाही, ऑपरेटरला मीटर धरायला लावला आणि स्वतः केबिनच्या मागून इंजिनकडे जाणारं हार्नेस (वायरींचा जुडगा) वीतभर-वीतभर पकडून हलवत गेला. जिथे हार्नेस पत्र्यातून आरपार जातं तिथे हात लागला आणि ऑपरेटर ओरडला, "दादा, 120 झाले!" सोडलं की 60. भोकातलं रबर कधीच गळून गेलं होतं, पत्र्याच्या कडेने घासून कॅन हायची पिवळी वायर आतून तुटली होती, वरचं आवरण मात्र जवळजवळ शाबूत. नुसत्या डोळ्यांनी ते कधीच दिसलं नसतं.

जोड पण नीट दिला. पिळून टेप गुंडाळली नाही, खराब तुकडा कापून नवीन वायर क्रिंप केली, गोंदवाली हीटश्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) चढवली, आणि पिवळी व कॅन लोची हिरवी, दोघींना पहिल्यासारखा पीळ देऊन ठेवला, कारण त्या पिळामुळेच बाहेरचा नॉइज दोन्ही वायरींवर सारखा येतो आणि कटतो. भोकात नवीन रबर. मग किल्ली चालू करून दोन्ही वायरींचं व्होल्टेज दाखवलं, हाय अडीचच्या जरा वर, लो अडीचच्या जरा खाली. त्यानंतर कोड पुसले आणि मशीन दगडांवरून फिरवायला लावली. एरर गेला तो गेला.

आता उणिवा. त्याच्याकडे कंपनीचं सॉफ्टवेअर नाही, त्यामुळे कंट्रोलर खरंच गेला असेल तर नव्याचं प्रोग्रामिंग तो करू शकत नाही, त्याला कंपनीकडेच जावं लागतं. सीझनमध्ये लवकर मिळत नाही. लेखी रिपोर्ट मागितल्याशिवाय देत नाही, तेव्हा मीटरचे फोटो तुम्हीच काढून ठेवा, पुढच्या वेळी कामाला येतात. पैसे व्हिजिटचे वेगळे आणि कामाचे वेगळे घेतो, पण आधी सांगतो. आणि कंट्रोलरच्या किमतीपुढे ते काहीच नाही.

2021 पासून चाकांच्या मशीनना सीईव्ही स्टेज 4 (बांधकाम मशीनच्या धुराचे नियम) लागू झालं तेव्हापासून साध्या बॅकहोमध्ये (जेसीबीसारख्या मशीनमध्ये) पण कॉमन रेल, म्हणजे डिझेल इलेक्ट्रॉनिक पद्धतीने सोडणारं, इंजिन आणि कंट्रोलर आलेत, म्हणजे हा त्रास आता फक्त मोठ्या पोकलेनवाल्यांचा राहिला नाही. आणि आपल्याकडे कारणं ठरलेली, उंदीर, प्रेशर वॉशरचं पाणी थेट प्लगमध्ये, आणि बकेटला वेल्डिंग मारताना बॅटरी न काढणं.

त्याला बोलवायच्या आधी आपल्या मशीनचा सर्किट डायग्राम मिळवून ठेवा. नऊ पिनांचं गोल सॉकेट बाहेरून सारखं दिसत असलं तरी कुठल्या पिनेत काय हे सगळ्या कंपन्यांचं एक नाही, चुकीच्या पिनेत प्रोब घातला तर मीटर भलतंच दाखवणार. आणि ऑपरेटरला साइटवरच थांबवा, एरर नेमका कधी येतो हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.