कॅम्परचा सेल्फ लागत नसेल तर बॅटरी घ्यायच्या आधी इथं दाखवा (जळगाव)

अजिंठा चौफुलीजवळचं हे ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान दिसायला काहीच नाही, बोर्डाचा रंग उन्हानं उडालेला, दारात कायम एखादा ट्रक नाहीतर ट्रॅक्टर उभा. पण हा माणूस आधी मीटर लावतो आणि मग बोलतो, त्यासाठीच लिहितोय.

आमची कॅम्पर, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, जुन्या मिनीबसची करून घेतलेली, डिझेल. सकाळी एका चावीत सुरू, पण चाळीसगावहून कन्नड घाट चढून वर चहाला थांबलो की परत निघताना नुसतं टक् वाजणार, सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) फिरणारच नाही, मग बोनेट उघडं ठेवून बसा, इंजिन निवलं की बाईसाहेब गुपचूप सुरू. आधीच्या गॅरेजवाल्यानं बॅटरी बदलायला लावली, मग म्हणे सेल्फच गेला, तोही उतरवून बनवून दिला, आणि मे महिन्यात परत तेच.

इथं काकांनी "काय व्हयनं भाऊ?" म्हणत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले जा, हायवेला फिरवून गरम करून आण. बरोबरच आहे, थंड गाडीत हा फॉल्ट सापडणार कसा. मग पोराला चावी मारून धरायला लावली. बॅटरीवर १२ च्या वर व्होल्ट, पण सेल्फच्या सोलेनॉइडला, म्हणजे सेल्फला करंट जोडून देणाऱ्या विजेवरच्या स्विचला, जी बारकी वायर येते तिथं जेमतेम ८. गाडी न्यूट्रलला टाकून बॅटरीच्या प्लसवरून त्याच टर्मिनलला डायरेक्ट वायर टेकवली तर सेल्फ खाडकन फिरला. म्हणजे बॅटरी चांगली, सेल्फ चांगला, ४ व्होल्ट मधल्या वायरिंगमध्येच खाल्ले जात होते. आता चावीपासून सेल्फपर्यंतचीच वाट तपासायची होती.

डॅशबोर्ड खोलला तर कॅम्पर बनवणाऱ्यानं आतले पंखे, लाइटी, पाण्याचा पंप सगळं इग्निशन स्विचच्याच वायरीतून घेतलेलं, स्विचमागचं कनेक्टर तापून तपकिरी झालेलं. त्यात तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला साधारण ०.४ टक्के वाढतो, इंजिनजवळ ५०-६० डिग्री जास्त झाली की सोलेनॉइडची कॉइल पाव हिश्श्यानं जास्त अडवणार, आणि आधीच कमी पोचलेला करंट अजून कमी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुसरं काय होणार!

इलाज साधा. नवं कनेक्टर, आणि मध्ये एक चार पिनांची रिले (थोड्या करंटनं जास्त करंट चालू करणारा स्विच), आता चावी फक्त रिले ओढते, सोलेनॉइडचा करंट बॅटरीवरून फ्यूज लावलेल्या जाड वायरीनं जातो. इंजिन आणि चेसिसमधली अर्थची पट्टी पण काट घासून परत कसली. केबिनचा सगळा लोड स्विचवरून काढून दुसऱ्या बॅटरीवर टाकला, मध्ये दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या ठेवणारा आयसोलेटर, म्हणजे रात्रभर पंखे चालले तरी सेल्फची बॅटरी शाबूत. आधीच्या बॅटरी-सेल्फच्या खर्चापुढं हे बिल काहीच नाही, आणि नंतर भर दुपारी घाट चढून मुद्दाम गाडी बंद करून पाहिली, लगेच सुरू.

आता खटकलेलं. वायरी नुसत्या टेपनं गुंडाळतात, मी सांगून इंजिनजवळच्या वायरींवर जाळीचा पाइप घालून घेतला, तुम्हीपण सांगा. सोलर आणि लिथियम बॅटरीला काका हात लावत नाहीत, तोंडावर नाही म्हणतात. फोन उचलत नाहीत. कॅम्परची उंची शेडमध्ये मावत नाही त्यामुळं काम बाहेर उन्हातच होतं, सकाळी दुकान उघडताना नंबर लावा, आणि आतलं वायरिंग करतानाचे फोटो असतील तर घेऊन जा, निम्मा वेळ वाचतो.