मुरमाड रानासाठी स्टायलो: हमाटा की स्कॅब्रा?

मुरमाड माळ, पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस आणि दावणीला शेळ्या, एवढं जमून आलं की द्विदल चाऱ्यात गाडी स्टायलोवरच येऊन थांबते. मग प्रश्न उरतो जातीचा. बियाण्याच्या पिशवीवर बऱ्याचदा नुसतं ‘स्टायलो’ लिहिलेलं असतं, म्हणून पैसे मोजण्याआधी हमाटा की स्कॅब्रा ते विचारून घ्या.

हमाटा बुटका, बारीक काडीचा. लवकर फुलतो, बी भरपूर सांडतो. मूळ झाड दोन-तीन वर्षांत संपतं, पण सांडलेल्या बियांतून रान आपोआप भरत राहतं. गायरानात किंवा बांधावर, जिथं जनावरं मोकळी चरतात, तिथं याला तोड नाही. स्कॅब्रा झुडपी, कमरेएवढा, खोल सोटमुळाचा. पहिल्या पावसाळ्यात तो फार हळू वाढतो. दोन खुरपण्या चुकवल्या तर तणाखाली दिसेनासाच होतो.

माझा कौल स्कॅब्राकडे फिरला तो हमाट्याच्या पानगळीमुळे. जमिनीतली ओल सरली की याचा पाला झडायला लागतो. वाळवून ठेवावा म्हटलं तर आणखी पंचाईत: दुपारच्या उन्हात पेंढी उचलली की हातात काड्या राहतात आणि पाला खाली मातीत. खरी प्रथिनं त्या पाल्यातच असतात. यावर इलाज आहे. फुलोरा सुरू होताच कापायचा, पातळ थरात सुकवायचा, पलटी मारायची ती सकाळी दव असतानाच. पण नेमकी तेव्हाच बाजरीची काढणी आणि ज्वारीची पेरणी अंगावर असते. पाल्याची वेळ सांभाळणार कोण? स्कॅब्रा मात्र माघातही शेंड्याला हिरवा असतो, लागेल तसा कापून टाकता येतो. चारा नसतो त्या दिवसांत हा फरक मला तरी मोठा वाटतो.

स्कॅब्राचंही दुखणं आहेच. कापणी लांबली की खोड लाकूड होतं. शेळ्या शेंडे खुडतात आणि दांडकी गव्हाणीत तशीच पडून राहतात. अंगावरच्या चिकट लवेमुळे त्या सुरुवातीला तोंडही फिरवतात. इतर चाऱ्यात कुट्टी करून मिसळला की सवय होते. पहिली कापणी साधारण पंचाहत्तर दिवसांनी, फुलोऱ्यात घ्यावी. जमिनीपासून वीतभर खोड सोडावं. जून खोड बुडातून छाटलं तर फुटवा येत नाही आणि झाड वाळतं.

पेरणी दोन्हींची सारखीच, आणि फसते तीही सारखीच. बियांचं कवच टणक असतं. तीन तांबे उकळतं पाणी आणि एक तांबा साधं पाणी एकत्र केलं की अंदाजे 80 अंश होतं. त्यात बी चार मिनिटं बुडवा, लगेच गार पाण्यात टाका, रात्रभर भिजवून सावलीत सुकवा. थेट उकळत्या पाण्यात टाकलं तर मरतं. एकरी फोकून चार किलो, 30 सेंटिमीटरच्या ओळींत अडीच किलो पुरे. बी बारीक असतं, म्हणून कोरड्या वाळूत मिसळून वरच्यावर टाकायचं, एक सेंटिमीटरपेक्षा खोल नाही. पाभरीनं खोल गाडलेलं बी वर येत नाही आणि दोष बियाण्याला लागतो. एकरी तीन गोणी सिंगल सुपर फॉस्फेट पेरणीआधी मातीत मिसळा. युरियाचा मारा नको, त्यानं तणच माजतं.

मारवेल किंवा अंजन गवतात मिश्र घ्यायचा असेल तर पहिल्या वर्षी गवत लवकर-लवकर कापत राहा, नाहीतर त्याच्या सावलीत स्कॅब्रा दबतो. रान रोजच्या चराईचं असेल तर हमाटाच बरा, मी हट्ट धरणार नाही. काळ्या, पाणी धरणाऱ्या जमिनीत मात्र दोन्हींचा नाद सोडा. तिथं दशरथ घास हा दुसरा द्विदल चारा लावा.