काउंटरवर मिंट, आतल्या खोलीत विंडोज

बेळगावजवळच्या, कर्नाटकातल्या खानापुरात माझं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे. दिवसाला वीस-पंचवीस परके पेनड्राइव्ह काउंटरच्या मशीनला लागतात. कुठला कुठं फिरून आलाय, देवालाच ठाऊक. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपणार होता आणि माझ्या चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरवर विंडोज 11 रीतसर बसत नाही. त्याला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप आणि नवा प्रोसेसर लागतो. मशीन तर ठणठणीत होतं. मग त्याच वर्षी उन्हाळ्यात त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट 22 ही ऑपरेटिंग सिस्टिम घातली. फुकट, आणि अपडेट 2029 पर्यंत.

त्याची परीक्षा झाली ती नंदगडच्या एका मामांच्या पेनड्राइव्हवर. नातीची लग्नपत्रिका छापायची होती. "काल एकीकडं लावला हो, तिथनं सगळं गायबच झालंय की!" शॉर्टकट व्हायरस. हा खरा फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट पुढं ठेवतो. विंडोजवर तुम्ही त्यावर डबल क्लिक केलंत की गेलात. मिंटवर ते शॉर्टकट नुसते मेल्यासारखे पडून होते आणि खरा फोल्डर त्यांच्या शेजारीच दिसत होता, कारण विंडोजची 'लपवलेली' खूण मिंट जुमानतच नाही. पत्रिका काढून दिली, मामांनी चहा पाजला.

म्हणून विंडोज वाईट, असं मी म्हणणार नाही. मे 2017 मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसनं जगभर मशिनी बंद पाडल्या, तेव्हा त्यावरचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, मार्चमध्येच आलेला होता. माझ्याकडं त्या वेळी कुणाकडून तरी टाकून घेतलेलं चोरीचं विंडोज 7 होतं, अपडेट बंद करून ठेवलेलं. वाचलो ते नशिबानं. आणि लिनक्सही काही सोवळ्यातलं नाही. मार्च 2024 मध्ये एक्सझेड नावाच्या फाइलचा आकार लहान करायच्या साध्या प्रोग्राममध्ये चोरदरवाजा सापडला. तो सापडला कसा, तर आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं खटकलं म्हणून! मिंटच्या पक्क्या आवृत्त्यांपर्यंत ते पोचलं नव्हतं, हे खरं.

भरवशाचं म्हणाल तर, जांबोटीकडून पाऊस धरला की आमच्याकडं लाइट सांगून जात नाही आणि माझ्या यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलीय. पावसाळाभर मशीन धाडकन बंद पडायचं, पण दर वेळी मुकाट उठलं. एकदा मीच काहीतरी नको ते इन्स्टॉल करून स्क्रीन घालवली; टाइमशिफ्ट या मिंटमधल्या बॅकअपच्या प्रोग्रामनं आदल्या दिवशीवर नेऊन ठेवलं, दहा मिनिटांत काम सुरू.

रडगाणं प्रिंटरचं. जुन्या लेझरचा ड्रायव्हर बसवण्यात दोन दिवस आणि माझं डोकं गेलं. डिजिटल सहीचा डोंगल, म्हणजे यूएसबीला लावायची सहीची किल्ली, तर मिंटवर चालवायच्या भानगडीत मी पडलोच नाही. पत्रिकांचे जुने मराठी फॉन्ट आणि तो डोंगल, दोन्हीसाठी आत विंडोज 11 चं एक मशीन ठेवलंय. त्याला बाहेरचा पेनड्राइव्ह लावायचा नाही, अशी पोराला सक्त ताकीद. तहसीलदारांच्या नावचा कन्नड अर्ज कुणी जुन्या नुडीत, म्हणजे कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, टाइप करून आणला, की मिंटवर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मग काउंटरवर ती फाइल शॉर्टकटांतून निवडून मी स्वतःला मेल करतो, आणि आत हाक मारतो, "बाळू, नुडी आली रे!"