'७१ च्या लढाईतली जोंगा' म्हणून मला जे गळ्यात मारलं त्याबद्दल

पुण्यात जुन्या मिलिटरी गाड्यांचा नाद असलेले भरपूर जण आहेत आणि महिन्याला कुणी ना कुणी विचारतंच की जोंगा कुठं मिळेल, वन टन (लष्कराचा छोटा ट्रक) कुठं मिळेल, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. इंजिन, गिअरबॉक्स, पत्रा, सगळं नंतर बघा. ते पैसे टाकले की होतं. आधी चेसीस नंबर आणि कागद.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जोंगा म्हणजे निस्सान पॅट्रोलच्या डिझाईनवर जबलपूरला आपल्या लष्करासाठी बनलेली गाडी, नावसुद्धा जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली याचंच आद्याक्षरी रूप आहे. १९६९ पासून बनायला लागली. सहा सिलिंडर, ३९५६ सीसी, पेट्रोल पिते पण आवाज असा की माणूस येडा होतो. आम्ही दोघं-तिघं मिळून शेडमध्ये या गाड्यांवर काम करतो त्यामुळं नवशिके नव्हतो, आणि ते 'मी आर्मीत आहे, पोस्टिंग झालंय, गाडी पार्सलनं पाठवतो' वाले फोन तर आम्ही ओळखून कापतो. हा माणूस तसला नव्हता. शहराबाहेर रीतसर यार्ड, दारात लष्कराचे दोन शक्तिमान ट्रक उभे, चहा, बिस्कीट, 'साहेब तुमच्यासारखा कदरदान गिऱ्हाईक भेटत नाही'. नाव लिहीत नाही, केस चालू आहे.

त्यानं दाखवलेली जोंगा नुकतीच ऑलिव्ह ग्रीन मारलेली, डॅशवर पितळी प्लेट, त्यावर साल १९७१. म्हणला ही ७१ ला राजस्थानच्या बाजूला होती. आता ७१ का, तर २०२१ साली केंद्रानं व्हिंटेज गाड्यांचा नियम आणला, पन्नास वर्षांच्या वरची, मूळ रूपातली गाडी असेल तर वेगळी नोंदणी, नंबरात व्हीए, नव्या नोंदणीची फी वीस हजार, दहा वर्षांसाठी. तेव्हापासून ७० च्या आसपासच्या गाडीचा भाव एकदम चढला आणि सगळ्यांच्याच गाड्या अचानक ७१ च्या व्हायला लागल्या. मला सव्वाचार लाख सांगितले, चारला ठरलं. पन्नास हजार टोकन यूपीआयनं, दीड लाख रोख 'कागदं सोडवायला', बाकी डिलिव्हरीनंतर आरटीओचं काम झालं की.

गाडी शेडवर टोचनवर आली तर यार्डात बघताना जो कॅरब्युरेटर होता तो नाही, भलताच कुठला तरी बसवलेला. डायनामो पण बदललेला. मागचे जेरीकॅन गायब. फोन केला तर 'अहो साहेब तोच आहे, साफ केलाय म्हणून वेगळा दिसतोय'. टोकन देतानाच बॉनेट उघडून प्रत्येक पार्टचा व्हिडिओ काढा, नंबरासकट, आणि तिथंच त्याच्या मोबाईलवर पाठवून द्या. आमच्याकडं चार फोटो होते तेही गाडीपुढं उभं राहून काढलेले.

खरी गोष्ट अण्णांनी काढली. अण्णा म्हणजे आमचे मेस्त्री, नाना पेठेत आयुष्य गेलं. आल्या आल्या डॅशवरची प्लेट बघून म्हणाले, "अरे बाळा, प्लेट जुनी आणि रिव्हेट कालचे कसे?" मग थिनरचा बोळा घेतला आणि मागच्या बंपरवर घासत बसले. वरचा हिरवा गेला, खालचा फिकट हिरवा आला, आणि त्याच्यात पांढऱ्याचा पुसट बाण, टोक वर, शेजारी ८ आणि ४. मिलिटरी नंबरात बाणानंतरचे दोन आकडे म्हणजे साल. गाडी ८४ ची! बंपर दुसऱ्या गाडीचा असू शकतो असं मीच म्हणालो, जीव मानत नव्हता ना. तर त्यांनी चेसीसवर नंबराच्या जागी कागद धरला आणि पेन्सिल फिरवली, आरटीओत घेतात तसंच. आकडे उमटले, पण एकही एका ओळीत नाही, एक खोल एक उथळ, आणि भोवतीचा पत्रा ग्राइंडर मारून बसवलेला, बोट फिरवलं की खड्डा लागत होता. जुना नंबर घासून नवा पंच केलेला.

नवा नंबर कुठला, तर यार्डवाल्यानं दिलेल्या कागदावरचा. तो कागद म्हणजे लष्कराच्या लिलावातल्या एका लॉटची झेरॉक्स, आणि नीट वाचली तर लॉटमध्ये बऱ्याच गाड्या, त्यातली ही एक, बाकी कुठं गेल्या देव जाणे. लष्करातून निघालेली गाडी सिव्हिल नोंदणीला लावायची तर फॉर्म २० (नोंदणीचा अर्ज) सोबत फॉर्म २१ मधलं विक्री प्रमाणपत्र लागतं, तेही ओरिजिनल. मोटार वाहन नियम ४७ मध्ये स्पष्ट लिहिलंय. 'ओरिजिनल आमच्या पार्टनरकडं आहे, पुढच्या आठवड्यात येतंय' हे वाक्य मी किती वेळा ऐकलं मोजलं नाही. ज्याच्याकडं खरंच ओरिजिनल असतं तो पहिल्याच भेटीत फाईल उघडून दाखवतो, आमची आधीची जीप अशीच घेतली होती. आणि तो ताजा ऑलिव्ह ग्रीन, तोही नियम १२१ प्रमाणं खाजगी गाडीला चालत नाही, म्हणजे विकायच्या आधी हौसेनं रंग मारला असं नाही, खालचं झाकायला मारला.

पोलीस स्टेशनला अर्ज दिला. आधी 'व्यवहाराचा वाद आहे, कोर्टात जा' झालं, मग पेन्सिलचा कागद, बंपरचे फोटो आणि यूपीआयची एंट्री पुढं ठेवली तेव्हा चेसीस नंबरचा विषय आहे म्हणून लिहून घेतलं. रोख दीड लाखाला मात्र कसलाच पुरावा नाही, व्हॉट्सॲपवर त्यानं नुसता अंगठा पाठवलेला, वकील म्हणतो बघू. गाडी शेडमध्येच आहे, तिच्या एका नटालाही हात लावायचा नाही असं वकिलानं सांगितलंय, रस्त्यावर काढायचा तर प्रश्नच नाही. अण्णा रोज येऊन तिच्या इंजिनाकडं बघतात आणि चुकचुकतात, कारण इंजिन खरंच चांगलं आहे हो.

हे आज लिहायचं कारण, साताऱ्याच्या एका मित्रानं काल फोटो पाठवले, 'जोंगा बघितलीये, ७१ ची, कशी वाटते'. गाडी वेगळी, यार्ड तेच, आणि कागद उघडला तर तीच लॉटची झेरॉक्स, कोपऱ्यातला चहाचा डागसुद्धा तोच. लगेच फोन केला, म्हटलं एक रुपया देऊ नकोस. तर म्हणतो, पंचवीस हजार सकाळीच टाकले.