ब्लॉगला वाचक आणण्यासाठी चित्रशोध : पिंटरेस्ट, गूगल इमेजेस आणि लेन्सच्या आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल, मग तपशील. चित्रशोधातून ब्लॉगवर वाचक येतात आणि ते टिकून वाचतातही. पण चित्र देखणं आहे म्हणून ते येत नाहीत. आपल्यालाच पडलेला प्रश्न चित्रात दिसला आणि उत्तर लेखात आहे याची खात्री पटली, तरच बोट लिंककडे वळतं. आठ महिन्यांच्या वापरात बाकी सगळ्या युक्त्या या एका गोष्टीपुढे दुय्यम ठरल्या.

उदाहरण कुंडीतल्या रोपाचं घेऊ. 'पानं पिवळी पडण्याची सात कारणं आणि उपाय' असा सगळा तक्ता एकाच चित्रात भरला, तर लोक तो आनंदाने सेव्ह करतात आणि पुढे जातात. उत्तर हातात मिळाल्यावर लेख कशाला उघडायचा? त्याऐवजी एकाच पानाचा जवळून काढलेला फोटो लावायचा. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा, आणि वर एवढंच : 'नवी पानं अशी दिसतात की जुनी?' हा फरक खरोखर महत्त्वाचा आहे. लोहाची कमतरता आधी नव्या पानांवर दिसते, मॅग्नेशियमची जुन्या पानांवर. पण कोणत्या कमतरतेवर काय करायचं, हे लेखातच कळणार. चित्र शोधासाठी पूर्ण असावं, उत्तर म्हणून अपुरं. याचा अर्थ वाचकाला फसवायचं असा मुळीच नाही. चित्रात जे विचारलं त्याचं उत्तर लेखाच्या पहिल्या दोन परिच्छेदांत मिळायलाच हवं, नाहीतर आलेला माणूस लगेच परत फिरतो.

आता पिंटरेस्ट, म्हणजे चित्रं शोधून आपल्या संग्रहात जपून ठेवण्याची जागा. ते 2010 मध्ये सुरू झालं, आणि लोक अजूनही त्याला फेसबुकच्या रांगेत बसवतात. तिथेच पहिली चूक होते. अनुयायी किती आहेत याला इथे फारसं वजन नाही. इथे माणूस काहीतरी शोधायला येतो. त्यामुळे रोज हजेरी लावण्यापेक्षा प्रत्येक पिन (लिंक जोडलेलं चित्र) नेमक्या शब्दांत आणि नेमक्या चित्राने मांडणं जास्त कामाचं.

सुरुवात बिझनेस खात्याने करावी. ते मोफत आहे आणि त्याशिवाय सविस्तर आकडे दिसत नाहीत. मग वेबसाइट क्लेम करायची, म्हणजे ती आपलीच आहे हे पिंटरेस्टला दाखवायचं. त्यासाठी तीन मार्ग आहेत : पानाच्या हेड भागात मेटा टॅग टाकणं, दिलेली फाइल सर्व्हरवर चढवणं, किंवा डीएनएसमध्ये (डोमेनच्या नावाच्या नोंदींत) टीएक्सटी नोंद करणं. थीम वारंवार बदलत असाल तर डीएनएसचा मार्ग घ्या. थीमच्या फाइलमध्ये टाकलेला टॅग थीमबरोबर उडतो आणि ते लगेच लक्षातही येत नाही. एक वेबसाइट एकाच खात्याला क्लेम करता येते, म्हणून दोघे मिळून ब्लॉग चालवत असाल तर खातं कोणतं हे आधीच ठरवा. लेखांच्या पानांवर ओपन ग्राफचे टॅग (पानाची ओळख इतर साइटना सांगणाऱ्या खुणा) नीट असले, की पिनखाली लेखाचं शीर्षक आणि वर्णन आपोआप येतं.

चित्राचं माप 1000 गुणिले 1500 पिक्सेल, म्हणजे 2:3. याहून उंच चित्र फीडमध्ये (सरकत जाणाऱ्या पिनांच्या यादीत) खालून कापलं जाऊ शकतं, आणि ब्लॉगचं नाव नेमकं तिथेच असतं. आडवं चित्र चालतं, पण मोबाइलवर दोन रांगांच्या मांडणीत ते काडेपेटीएवढं होतं. तयार झालेलं चित्र 180 पिक्सेल रुंदीपर्यंत लहान करून बघा. अक्षरं वाचता आली नाहीत तर शब्द कमी करा, अक्षर मोठं करा. सहा-सात शब्दांपलीकडे जाऊ नये. खालचा उजवा कोपरा मोकळा ठेवावा, कारण पिन उघडल्यावर चित्रशोधाचं बटण त्या बाजूला येतं.

देवनागरीत अक्षरं बसवताना दोन अडचणी हमखास येतात. ओळींमधलं अंतर रोमन लिपीच्या हिशोबाने ठेवलं, तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफार-वेलांट्यांवर आदळतात. अक्षराच्या मापाच्या किमान 1.4 पट अंतर द्या. दुसरी अडचण जोडाक्षरांची. काही डिझाइन साधनांत निवडलेल्या फॉन्टला देवनागरीचा आधार नसतो आणि 'क्ष', 'त्र', 'र्‍या' फुटतात. 'मुक्त', 'बालू' किंवा 'नोटो सान्स देवनागरी' यांपैकी जाड वजनाचा फॉन्ट घेतला की हा त्रास संपतो. बारीक, नक्षीदार अक्षर टाळलेलंच बरं. ते माणसाला छोट्या पडद्यावर वाचवत नाही, आणि चित्रातला मजकूर ओळखणाऱ्या यंत्रणेलाही जड जातं.

चित्रशोध आतून कसा चालतो हे थोडं समजलं, की फोटो काढण्याची सवयच बदलते. यंत्रणा प्रत्येक चित्राचं आकड्यांच्या लांबलचक मालिकेत रूपांतर करते. आकार, रंग, पोत आणि वस्तू यांत साम्य असलेल्या चित्रांच्या मालिका एकमेकींजवळ येतात. पिंटरेस्टवर चित्राचा एखादाच भाग निवडून शोधायची सोय 2015 मध्ये आली आणि कॅमेऱ्याने शोधणारी लेन्स 2017 मध्ये. तिथे आणखी एक धागा असतो : तुमचा पिन कोणत्या बोर्डांवर (विषयवार संग्रहांत), कोणत्या पिनांच्या शेजारी ठेवला जातो. म्हणून विणकामाचा पिन 'माझे आवडते लेख' अशा बोर्डावर टाकणं म्हणजे हातातली खूण पुसून टाकणं. 'क्रोशाचे टाके, नवशिक्यांसाठी' असं बोर्ड करा, पहिल्यांदा त्यातच टाका, मग हवं तर इतरत्र.

प्रकाशित करण्याआधी नाही, पण केल्यावर लगेच करायची एक चाचणी फार उपयोगी आहे. आपलाच पिन उघडून चित्रशोधाचं बटण दाबा आणि खाली काय येतं ते पाहा. लाकडी बुकशेल्फच्या लेखाचा पिन असेल आणि खाली शोभेच्या कुंड्या नि गालिचे येत असतील, तर चित्रात शेल्फपेक्षा सजावटच जास्त बोलते आहे. अशा वेळी शब्द बदलून काही होत नाही, फोटोच बदलावा लागतो. एक वस्तू, साधी पार्श्वभूमी, खिडकीतून बाजूने येणारा उजेड. अक्षरं वस्तूवर न टाकता वरच्या किंवा खालच्या पट्टीत ठेवा.

पिनचं शीर्षक 100 अक्षरांपर्यंत जातं, पण फीडमध्ये साधारण पहिली 40 दिसतात. मुख्य शब्द पुढे घ्या. 'सोप्या पद्धतीने शिका क्रोशाचा पहिला टाका' यापेक्षा 'क्रोशाचा पहिला टाका : सैल होतो तो का' हे बरं. वर्णन दोन-तीन पूर्ण वाक्यांत लिहा, हॅशटॅगची माळ नको. मराठी ब्लॉगसाठी एक गोष्ट आवर्जून करावी : लोक तोच शब्द रोमन लिपीत कसा टाइप करतात, ते रूप वर्णनात एकदा येऊ द्या. देवनागरीत शोधणारे आहेतच, पण कीबोर्ड न बदलता शोधणारेही पुष्कळ.

एका लेखाला दोन-तीन वेगळी चित्रं पुरतात, आणि ती एकाच दिवशी टाकू नयेत. आठवडा-दहा दिवसांचं अंतर ठेवा. वेगळी म्हणजे खरोखर वेगळी : दुसरा फोटो, दुसरा प्रश्न. पार्श्वभूमीचा रंग बदलून तेच चित्र पुन्हा टाकण्यात वेळ जातो आणि हाती काही लागत नाही. हंगामी विषय असेल तर दीड-दोन महिने आधी पिन करा, कारण पिन शोधात रुजायला वेळ घेतो.

ब्लॉगचा आरएसएस फीड (नव्या लेखांची आपोआप बनणारी यादी) पिंटरेस्टला जोडला की नवे लेख आपोआप पिन होतात. ऐकायला छान वाटतं, पण फीडमधून लेखाचं मुख्य चित्र उचललं जातं आणि ते बहुधा आडवं असतं. मुख्य चित्रच उभं करायची तयारी नसेल तर ही सोय बंद ठेवा. अर्धवट पिनांचा ढीग साचण्यापेक्षा आठवड्याला तीन नीट पिन बरे.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते लिंकच्या बाबतीत, आणि ते उशिरा कळतं. कोणी तुमचा पिन सेव्ह केला की त्याच्या बोर्डावर जुनी लिंक जाते. नंतर तुम्ही स्वतःच्या पिनची लिंक दुरुस्त केलीत तरी इतरांकडच्या प्रती तशाच राहतात. म्हणून लेखाचा पत्ता बदलू नका. बदलावाच लागला तर 301 रिडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचं वळण) लावा आणि तो वर्षानुवर्षं राहू द्या. लिंक लहान करणाऱ्या सेवा वापरू नका, असे पत्ते स्पॅम समजून अडवले जातात. पत्त्यात देवनागरी असेल तर कॉपी करताना त्यातला एकेक वर्ण टक्के-चिन्हांसह नऊ अक्षरांचा होतो. असा लांबलचक पत्ता कुठेतरी तुटतोच. लेखाचा पत्ता आणि चित्रफाइलचं नाव लहान रोमन अक्षरांत, शब्दांमध्ये आडवी रेघ देऊन ठेवावं.

वाचक स्वतः ब्लॉगवरून पिन करतात तेव्हाही घोळ होतो. मुखपृष्ठावरच्या लघुचित्रावरून पिन केलं तर लिंक मुखपृष्ठाची जाते आणि महिन्याभरात तो लेख तिथून खाली सरकलेला असतो. मुखपृष्ठ आणि वर्गवारीच्या पानांवरच्या चित्रांना 'डेटा-पिन-नोपिन' (data-pin-nopin) ही पिन रोखणारी खूण लावून टाका. वर्डप्रेसवर आणखी एक सापळा आहे : प्रत्येक चित्राचं स्वतंत्र अटॅचमेंट पान. 6.4 आवृत्तीपासून नव्या साइटवर ती पानं बंद असतात, पण जुन्या साइटवर चालूच राहतात. त्या रिकाम्या पानावर आलेला वाचक लेखापर्यंत पोचत नाही. लेखात उभं चित्र लपवून ठेवण्याची पद्धतही बरेच जण वापरतात. लपवलेलं चित्रही ब्राउझर सहसा उतरवतोच, पान जड होतं. त्याऐवजी दिसणाऱ्या चित्राला 'डेटा-पिन-मीडिया' (data-pin-media) जोडून उभ्या चित्राचा पत्ता द्या.

आकडे वाचताना इम्प्रेशनकडे (पिन किती वेळा पडद्यावर दिसला त्याकडे) बघून हुरळून जाऊ नका. 'पिन क्लिक' म्हणजे पिन मोठा करून पाहिला, एवढंच. ब्लॉगवर आलेला माणूस मोजला जातो 'आउटबाउंड क्लिक' मध्ये. सेव्ह भरपूर आणि आउटबाउंड नगण्य असेल, तर चित्राने उत्तर आधीच देऊन टाकलं आहे. इम्प्रेशन भरपूर आणि सेव्हही नाहीत, तर चित्र चुकीच्या शोधात दिसतंय. इम्प्रेशनच नसतील तर बोर्ड आणि शब्द तपासा. लिंकला यूटीएम (वाचक कुठून आला ते सांगणारी शेपटी) जोडा, म्हणजे कोणत्या चित्राने वाचक आणला ते ब्लॉगच्या बाजूनेही दिसेल. आणि तीन महिन्यांआधी कोणत्याही पिनचा निकाल लावू नका.

गूगल इमेजेसचं काम पिंटरेस्टपेक्षा कमी कष्टाचं आहे, कारण ते एकदाच करावं लागतं. चित्र आयएमजी (img) टॅगमधूनच यायला हवं. सीएसएसच्या (पानाची सजावट ठरवणाऱ्या कोडच्या) पार्श्वभूमीतलं चित्र गूगल नोंदवत नाही. लेझी लोडिंगसाठी (वाचक जवळ आल्यावरच चित्र उतरवण्यासाठी) ब्राउझरची स्वतःची सोय वापरा. स्क्रोल केल्यावरच चित्राचा पत्ता भरणाऱ्या जुन्या प्लगइनमुळे चित्रं शोधयंत्रणेला दिसतच नाहीत. ऑल्ट मजकुरात (चित्राऐवजी वाचल्या जाणाऱ्या वर्णनात) चित्रात काय आहे ते सांगा : 'पान' नव्हे, तर 'शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडलेलं गुलाबाचं पान'. दृष्टिहीन वाचकासाठी हेच वाक्य खरं चित्र असतं, म्हणून त्यात शोधशब्द कोंबणं अनुचित आहे. चित्र संबंधित उपशीर्षकाखाली, त्याच्याबद्दलच्या परिच्छेदालगत ठेवा. मुख्य चित्र किमान 1200 पिक्सेल रुंद असावं आणि रोबोट्स मेटामध्ये (शोधयंत्रणेला सूचना देणाऱ्या टॅगमध्ये) 'मॅक्स-इमेज-प्रीव्ह्यू : लार्ज' (max-image-preview:large) असावं. गूगलच्या डिस्कव्हर या लेख सुचवणाऱ्या यादीमध्ये मोठं चित्र दिसण्यासाठीही हेच लागतं. साइटमॅपमध्ये (शोधयंत्रणेसाठीच्या पानांच्या यादीत) एका पानासाठी 1000 चित्रांपर्यंत नोंद करता येते, ब्लॉगला ते पुरून उरतं. फाइलचा पत्ता मात्र उगाच बदलू नका. पानांपेक्षा चित्रं पुन्हा तपासायला गूगल जास्त वेळ लावतं. सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीच्या गूगलच्या मोफत साधनात) शोधाचा प्रकार 'इमेज' निवडला की 16 महिन्यांपर्यंतची माहिती मिळते. दर महिन्याला त्यातले शोधशब्द वाचा, नव्या पिनचे प्रश्न तिथेच सापडतात.

गूगल लेन्सवर (फोटो देऊन शोधायच्या गूगलच्या सोयीवर) वेगळं असं काही करता येत नाही. वर सांगितलेलं सगळं जमलं की तीही जमते. एकच उपयोग सुचवावासा वाटतो : लेखात टाकण्याआधी आपला फोटो लेन्समध्ये टाकून पाहा. हजारो ठिकाणी असलेलं स्टॉक चित्र असेल तर तुमच्या पानाचा नंबर कुठे लागणार? स्वतः काढलेला साधा फोटो तिथे महागड्या स्टॉक चित्राला मागे टाकतो. एआयने बनवलेली चित्रं आम्ही टाळायलाच सांगू. पिंटरेस्ट 2025 पासून त्यांवर तशी खूण दाखवू लागलं आहे. शिवाय चित्रातली वस्तू लेखात बनवून दाखवता येत नाही, हे वाचकाला दुसऱ्या परिच्छेदात कळतं.

बिंगचा चित्रशोध वरच्या तयारीतच भागतो, वेगळा वेळ देऊ नये.

चित्र चोरून दुसऱ्याच साइटची लिंक लावण्याचे प्रकार होतात. महिन्यातून एकदा आपली चार-पाच चांगली चालणारी चित्रं गूगल लेन्समध्ये किंवा टिनआय या चित्रांच्या प्रती शोधणाऱ्या साइटवर टाकून प्रती शोधा आणि पिंटरेस्टच्या कॉपीराइट अर्जातून तक्रार करा. तक्रारीसाठी मूळ, मोठ्या मापाची फाइल जपून ठेवा. चित्रावर ब्लॉगचं नाव खालच्या मध्यभागी, वस्तूला लागून घाला. कोपऱ्यातलं नाव एका फटक्यात कापता येतं.