५२ सीसी ब्रश कटर: बांधाला भारी, ठिबकजवळ जपून

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात बांधावरचं गवत काढायला हे टू-स्ट्रोक मशीन पुरून उरतं. ताकद उत्तम. सोबतचा पट्टा मात्र अगदीच किरकोळ. दोन्ही खांद्यांवर येणारा वेगळा घ्यावा.

पुस्तिकेत पेट्रोल-ऑइलचं प्रमाण २५:१ लिहिलं असेल तर लिटरभर पेट्रोलला ४० मिली टू-टी ऑइल. कमी पडलं की पिस्टन जाम. गरम इंजिनात पेट्रोल ओतू नये, जळगावच्या उन्हात तर मुळीच नाही.

खरी गोम पात्याची. वरून पाहिलं तर ते घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणून उजवीकडून डावीकडे कापायचं. पात्याची पुढची उजवी बाजू दगडाला किंवा बुंध्याला लागली की मशीन झटक्याने उजवीकडे फेकलं जातं. पात्याचा नट उलट्या आट्यांचा. सोडवायला उजवीकडे फिरवा, नाहीतर आटेच जातात. ठिबकच्या नळीजवळ पात्याऐवजी लावायची नायलॉन दोरीही नको, तिथे विळाच बरा.

गार्ड, गॉगल, बूट हवेतच, आणि १५ मीटरांत माणूस-जनावर नको. अ‍ॅक्सिलरेटर सोडूनही पातं फिरत राहिलं तर आयडल स्क्रू (रिकाम्या इंजिनाचा वेग ठरवणारा) थोडा कमी करा. तरीही थांबलं नाही तर क्लच उघडून बघा.