टिक की ऑटिझम? आधी कोणती तपासणी करायची

सांगलीत मूल सारखे डोळे मिचकावायला लागलं की पहिली फेरी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. घसा खाकरत असेल तर कान-नाक-घसा, मग ॲलर्जी, मग कफाचं औषध. मध्येच आजी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकते. यात काही वावगं नाही, डोळे-घसा एकदा बघून घ्यावेतच. खरी पंचाईत पुढे होते. एक डॉक्टर म्हणतात टिक आहेत, म्हणजे आपोआप होणारे हालचालींचे किंवा आवाजाचे झटके; शाळेतल्या बाई म्हणतात ऑटिझमची (लहानपणापासून माणसांशी संवाद साधणं वेगळं असण्याची) तपासणी करून घ्या, आणि घरात ठरत नाही की आधी कुठे जायचं.

सगळ्यात उपयोगी प्रश्न वयाचा. टिक साधारण चौथ्या ते सहाव्या वर्षाच्या सुमारास दिसू लागतात, दहा-बारा वर्षांच्या आसपास जोरात असतात आणि पुढे बऱ्याच मुलांत कमी होत जातात. ऑटिझममधलं हात फडफडवणं, डोलणं, गिरक्या घेणं बहुतेकदा तिसऱ्या वर्षाआधीच सुरू झालेलं असतं. जुने वाढदिवसाचे व्हिडिओ काढून बघा, आठवणीपेक्षा ते भरवशाचे.

दुसरी खूण हालचालीच्या चालीत आहे. टिक झटक्यात येते आणि जाते: पापणी, नाक, मान, खांदा. आज मान, दोन महिन्यांनी खांदा, मध्ये काही आठवडे काहीच नाही. जरा मोठी मुलं सांगतात की आधी आत काहीतरी दाटून येतं, शिंक येण्याआधी येतं तसं, आणि झटका दिला की मोकळं वाटतं. थोडा वेळ ती दाबूही शकतात. म्हणूनच शाळेत शांत असलेलं मूल घरी आल्यावर तासभर मान उडवतं, आणि आईला वाटतं मुद्दाम करतंय. ऑटिझममधल्या हालचाली सहसा लयीत, बराच वेळ, वर्षानुवर्षं त्याच ढंगाच्या. मूल खुशीत असतं तेव्हा किंवा गोंगाटाने कावलेलं असतं तेव्हा त्या वाढतात. त्याचा मुलाला त्रास नसतो, उलट आधार असतो.

एवढ्यावर निकाल लावायला जाल तर मात्र फसाल. ऐकलेलं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणणं दोन्हीकडे सापडतं. वस्तू ठरावीक रांगेतच लावण्याचा हट्ट टिक असलेल्या मुलातही असतो, कारण टिकच्या जोडीने ओसीडी, म्हणजे नको असलेले विचार आणि त्यापायी तीच कृती पुन्हा पुन्हा करण्याचा आजार, बऱ्याचदा येतो. चंचलपणा दोन्हीकडे. शिवाय ऑटिझम असलेल्या मुलांत टिकचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त आढळतं. एकाच मुलात दोन्ही असणं काही नवलाचं नाही.

हालचालीपेक्षा मला मूल माणसांशी कसं वागतं हे महत्त्वाचं वाटतं. नावाने हाक मारल्यावर वळतं का, आवडलेली वस्तू बोट दाखवून आपल्याला दाखवतं का, खोटाखोटा चहा पाजतं का? नुसत्या टिक असलेलं मूल हे सगळं करतं. हे लहानपणापासून कमी असेल, तर डोळे कितीही मिचकावत असलं तरी आधी ऑटिझमची तपासणी करा, असं माझं मत. सौम्य टिकचं नंतर बघितलं तरी चालतं. बोलण्याची आणि संवादाची थेरपी मात्र जितकी लवकर तितकी बरी. बाकी विकास नीट असेल आणि टिक नव्या असतील, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवून लक्ष ठेवणं बहुतेकदा पुरतं. शरीराच्या हालचालींच्या अनेक टिक, एखादी आवाजाची टिक आणि वर्षापेक्षा जास्त काळ, असं जुळलं की टूरेट सिंड्रोमचा विचार होतो. शिव्या तोंडातून येणं म्हणजेच टूरेट, हा समज सिनेमामुळे. ते थोड्याच जणांत असतं.

भान हरपत असेल किंवा एकाच बाजूचा हात-पाय लयीत झटकत असेल तर मात्र थांबू नका, मिरज गाठा आणि मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. ती फिट असू शकते. एरवी टिक किंवा ऑटिझम ठरवायला एमआरआय सरसकट लागत नाही. मोबाइलवर घेतलेले चार व्हिडिओ जास्त कामाचे.

उपायांची दिशा दोन्हीत वेगळी. टिकसाठी सवय-बदलाची थेरपी असते: झटका येतोय हे ओळखायचं आणि त्या क्षणी उलट हालचाल करायची. हीच पद्धत हात फडफडवण्यावर लावू नये. इजा होत नसेल तर ते थांबवायची गरजच नाही. सरकारी कागदांतही फरक आहे: 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम नावानिशी आहे, टूरेट नाही. त्यामुळे निदान कागदावर काय लिहिलंय ते वाचून घ्या.

दोन्ही निघालं आणि रिस्पेरिडोनसारखं औषध लिहून दिलं, तर ते टिकसाठी की ऑटिझममधल्या चिडचिडीसाठी, हे डॉक्टरांना तिथल्या तिथे विचारा. ते दोन्हींसाठी देतात. कशासाठी सुरू केलंय हे ठाऊक नसेल तर फरक पडला की नाही हे कळणार कसं? भूक आणि वजन वाढतं का, तेही सुरुवातीपासून बघत राहा.